खांदेरीच्या नावाखाली उंदेरीचा फोटो

मा. संपादक यांस,
स. न. वि. वि.

आपल्या रविवारच्या पुरवणीत आमच्या थळसमोरच्या समुद्रातल्या खांदेरी किल्ल्यावर पानभर लेख आला. वाचून आनंद झाला, पण फोटो पाहून हसू आले. फोटो शेजारच्या बेटावरच्या उंदेरी किल्ल्याचा आहे. खांदेरीवर टेकडी आहे आणि टेकडीवर १८६७ सालचा दीपस्तंभ. तो थळच्या किनाऱ्यावरून तर दिसतोच, रात्री आमच्या घराच्या ओट्यावरूनही त्याचा झोत मोजता येतो. आपल्या फोटोत टेकडी नाही आणि दीपस्तंभही नाही. आहे ते सपाट बेट, पडकी तटबंदी आणि तटात रुजलेली झाडे. ती आमची उंदेरी.

फोटो चुकला एवढ्यासाठी मी पत्र लिहिले नसते. पण अख्ख्या लेखात उंदेरीचा उल्लेख एकदाही नाही, आणि उंदेरी वगळून खांदेरीची गोष्ट सांगताच येत नाही. मी थळची. वडील मासेमारी करायचे, मी अलिबाग तालुक्यात तीस वर्षे शाळेत इतिहास शिकवून निवृत्त झाले. तेव्हा थोडे लांबले तरी छापावे.

लेखात म्हटले आहे की महाराजांनी समुद्रात किल्ला बांधला आणि इंग्रजांना धूळ चारली. दोन ओळींत संपले. खरी हकिगत पाच महिन्यांची आहे. १६७२ मध्ये खांदेरीवर बांधकामाचा एक प्रयत्न झाला होता, पण मुंबईचे इंग्रज आणि जंजिऱ्याचा सिद्दी दोघांनीही आडकाठी केल्याने तो सोडावा लागला. मग १६७९ च्या ऑगस्टअखेर, म्हणजे पावसाळा पुरता सरलेला नसताना, महाराजांच्या आरमारातले मायनाक भंडारी माणसे आणि चार तोफा घेऊन बेटावर उतरले. त्या दिवसांतला आमचा दर्या ज्याने पाहिला आहे त्याला मी काय म्हणते ते कळेल. नारळी पौर्णिमा होऊन गेली तरी वडील आठ-आठ दिवस होडी वाळूवरच ठेवायचे. मायनाकांनी तोच काळ निवडला. मुंबईहून येणाऱ्या मोठ्या जहाजांनाही त्या पाण्यात बेटाजवळ नीट उभे राहता येत नव्हते, हे त्यामागचे कारण असावे असे मला वाटते.

इंग्रजांची अडचण उघड होती. खांदेरी मुंबई बंदराच्या तोंडावर आहे. तिथे मराठ्यांची तोफ बसली की ये-जा करणारे प्रत्येक जहाज त्यांच्या नजरेखाली. त्यांनी आधी निरोप पाठवले, बेट आमचे आहे म्हणून. मग जहाजे पाठवली. १९ सप्टेंबरला लेफ्टनंट थॉर्प बेटावर उतरायला गेला आणि तिथेच मारला गेला. अर्धवट उठलेल्या तटामागून झालेला तो मारा होता.

इथे कालवांबद्दल, म्हणजे खडकाला चिकटणाऱ्या शिंपल्यांबद्दल लिहायला हवे, ते कुठल्याच लेखात येत नाही. खांदेरीच्या पायथ्याशी पाण्यात सुटे धोंडे टाकलेले आहेत. त्यांना चुना नाही की बांधकाम नाही. वडील सांगायचे की ते मुद्दाम टाकले. धोंड्यांवर कालवे धरतात, त्यांची धार सुरीसारखी होते, आणि अनवाणी माणूस त्यावरून चढूच शकत नाही. अकरा वर्षांची असताना मी वडिलांचे न ऐकता त्या धोंड्यांवर उडी मारली. उजव्या पायाच्या तळव्यावर अजून वण आहे. वर्गात हा धडा शिकवताना मी चप्पल काढून तो मुलांना दाखवायची. पुढच्या वर्षी बाकी काही आठवले नाही तरी बाईंचा पाय सगळ्यांना आठवायचा.

१८ ऑक्टोबरला मोठी लढाई झाली. नागावकडून मराठ्यांचा सरदार दौलतखान याचे आरमार पहाटे चालून आले. पन्नास-साठ लहानमोठी गलबते होती. इंग्रजांची ‘डव्ह’ नावाची नौका मराठ्यांच्या हाती लागली, बाकीच्या बहुतेक नौका पांगल्या. ‘रिव्हेंज’ ही एकच फ्रिगेट कॅप्टन मिंचिन आणि कॅप्टन केग्विन यांनी लढती ठेवली आणि तिच्या तोफांपुढे दौलतखानाला नागावच्या खाडीत परतावे लागले. (हाच केग्विन पुढे १६८३ मध्ये स्वतःच्याच ईस्ट इंडिया कंपनीविरुद्ध बंड करून मुंबई ताब्यात घेऊन बसला आणि त्याने संभाजीराजांशी तह केला. माणूस मजेशीर होता.)

एकदा सातवीतल्या एका मुलीने मला विचारले, “बाई, मग आपण हरलो का?” मी तिला म्हटले, आरमार मागे गेले, पण बेटावर कोण राहिले ते बघ. लढाईच्या दिवशी काय झाले यापेक्षा मला नंतरच्या रात्री मोलाच्या वाटतात. मोठी जहाजे वेढा घालून उभी असताना लहान होड्या अंधारात धान्य, दारूगोळा आणि माणसे बेटावर पोचवत होत्या. वारा पडला की इंग्रजांचे जहाज जागचे हलत नसे, आमची होडी मात्र वल्ह्यावर निघून जायची. इंग्रजांनीही मग शिबाडे आणि मचवे अशा देशी होड्या जमवल्या, पण खडक कुठे आणि पाणी कुठे हे माहीत असलेली माणसे कुठून आणणार? त्या वल्हवणाऱ्यांची नावे कुणी लिहून ठेवलेली नाहीत. आमच्या आळीतले प्रत्येक घर मात्र त्यांच्यात आपला कुणीतरी होता असे सांगते, आणि ते खोडून काढायला मी जात नाही.

नोव्हेंबरमध्ये सिद्दी कासीम आपले आरमार घेऊन इंग्रजांच्या जोडीला आला. तरी खांदेरी हलली नाही. खर्च डोईजड झाला, तेव्हा जानेवारी १६८० मध्ये इंग्रजांनी समेट करून वेढा उठवला. आपला लेख इथे संपतो.

सिद्दीने मात्र समेट केला नाही. त्याच जानेवारीत त्याने शेजारच्या उंदेरीवर माणसे उतरवली आणि तट चढवायला सुरुवात केली. म्हणजे खांदेरीला उत्तर म्हणून उंदेरी उभी राहिली. दौलतखानाने महिनाअखेर उंदेरीवर हल्ला केला, त्यात तो स्वतः जखमी झाला, उंदेरी मिळाली नाही. एप्रिलमध्ये महाराज गेले. त्याच पावसाळ्यात संभाजीराजांनी रात्री दोनशे माणसे उंदेरीवर उतरवली, ती जवळजवळ सगळी कापली गेली. सिद्दीने ऐंशी मुंडकी टोपल्यांत भरून माझगावला नेली. तिथे ती खांबांवर लावायचा त्याचा बेत होता, इंग्रजांनी तो होऊ दिला नाही. हे शिकवताना माझा आवाज दरवर्षी बसायचा. त्यानंतर साधारण ऐंशी वर्षे ही दोन बेटे एकमेकांकडे तोफा रोखून बसली होती. एकावर मराठे, दुसऱ्यावर सिद्दी, आणि मधल्या पाण्यात जाळी टाकणारे आम्ही. १७६० च्या सुमारास उंदेरी मराठ्यांकडे आली. आमच्या थळच्या किनाऱ्यावर एक पडका कोट आहे, त्याचे नाव खूबलढा. एवढे नाव ऐकून तरी इथे काय चालले असेल याची कल्पना यावी.

११ जुलै २०२५ ला ‘भारतातील मराठा लष्करी भूप्रदेश’ या नावाने बारा किल्ले जागतिक वारसा यादीत गेले. खांदेरी त्यात आहे, उंदेरी नाही. गावात पेढे वाटले, मीही खाल्ले. पण तेव्हापासून पर्यटकांची होडी थळहून निघते, उंदेरीला बगल देऊन सरळ खांदेरीच्या धक्क्याला लागते. लोक वेतोबाला नारळ देतात, दगडाने वाजवला की लोखंडासारखा वाजणारा तो खडक वाजवून बघतात, चाकांच्या गाड्यावरच्या तोफेला टेकून फोटो काढतात आणि परत येतात. (ती चाके जपा. गाड्यासकट राहिलेली तोफ आपल्याकडे क्वचितच दिसते, आणि मी मोठी माणसे तिच्यावर घोडा करून बसलेली पाहिली आहेत.) वाटेत डावी-उजवीकडे लागलेले दुसरे बेट कोणते, हे होडीतल्या दहा जणांतल्या नऊ जणांना माहीत नसते.

मी उंदेरीवर शेवटची गेले ती निवृत्तीच्या वर्षी, पुतण्याच्या होडीतून. धक्का नाही. भरती-ओहोटी बघून खडकांच्या फटीत होडी घुसवायची आणि नाखवा ‘आता’ म्हणाला की उडी मारायची. दरवाजा अजून उभा आहे. आतली पाण्याची टाकी आहेत, पण झुडपांतून वाट काढत शोधावी लागतात. तोफा तटावर आणि तटाखाली, पडतील तशा पडल्या आहेत. बऱ्याच आहेत, पण एकही गाड्यावर नाही, आणि खारे वारे त्यांचे पापुद्रे काढतात. एका बुरुजाच्या सांध्यात पिंपळाचे मूळ माझ्या दंडाएवढे होते. सात वर्षे झाली त्याला. आता मांडीएवढे झाले असेल.

यादीत नाव नाही म्हणून उंदेरीला वाऱ्यावर सोडावे, असे त्या यादीत कुठेही लिहिलेले नाही. मला उंदेरीवर बाग नको, रोषणाई नको, आणि पुतळा तर मुळीच नको. तटातली झाडे मुळासकट काढावीत, कारण नुसती छाटली की ती दुप्पट जोमाने येतात. तोफा मोजून, नोंदवून मातीवरून उचलून दगडी ओट्यावर ठेवाव्यात. आणि खांदेरीला जाणाऱ्या प्रत्येक होडीने उंदेरीभोवती एक फेरी मारावी, त्यात पंधरा मिनिटे जातात. आमच्या मुलांना ती पंधरा मिनिटे काय बोलायचे ते मी शिकवायला तयार आहे, फुकट.

पुढच्या रविवारी फोटोखालचे नाव तेवढे दुरुस्त करावे. आणि आपल्या छायाचित्रकारांना पुन्हा पाठवायचे झाले तर आधी थळच्या कुठल्याही नाखव्याला ओहोटीची वेळ विचारून पाठवा. बूट जाड तळव्याचे घालायला सांगा.

आपली,
एक निवृत्त शिक्षिका
थळ, ता. अलिबाग, जि. रायगड