एका फोटोला एवढे पैसे?

ती. बाबा आणि आई, सा. न.

रविवारी फोनवर मी विकत घेतलेल्या फोटोच्या किमतीचा विषय अर्धाच राहिला, बाबा तापले आणि आईने फोन काढून घेतला, म्हणून आता निवांत लिहितोय.

तर भिंतीवर लावलाय तो फोटो डोअर्स या अमेरिकन रॉक बँडचा. आणि आई, खालची सही गाणाऱ्याची नाहीये गं, जिम मॉरिसन १९७१ लाच गेला. सही फोटो काढणाऱ्याची आहे, हेन्री डिल्ट्झ. हा माणूस आधी स्वतः बँजो वाजवायचा, टूरवर असताना एक सेकंडहँड कॅमेरा घेतला आणि मग तोच धंदा झाला, १९६९ च्या वुडस्टॉकचा, म्हणजे अमेरिकेतल्या त्या मोठ्या संगीत महोत्सवाचा, ऑफिशियल फोटोग्राफर पण तोच.

या फोटोची गंमत ऐका. डिसेंबर १९६९, लॉस एंजेलिसमधलं एक कळकट लॉज, नाव मॉरिसन हॉटेल. काउंटरवरचा माणूस म्हणाला मालकाला विचारल्याशिवाय इथे फोटोबिटो काही नाही. झालं, सगळे बाहेर. तेवढ्यात तो लिफ्टने वर गेला आणि हे चौघे पळत आत शिरून खिडकीमागे बसले, डिल्ट्झने बाहेर रस्त्यावरून पटापट फोटो काढले, परत यायच्या आत सगळे गायब! पुढच्या फेब्रुवारीत तोच फोटो अल्बमचं कव्हर झाला, अल्बमचं नाव पण मॉरिसन हॉटेलच. मोठ्या प्रिंटमध्ये खिडकीतली पाटी अगदी नीट वाचता येते, खोल्या अडीच डॉलरपासून. मी किती दिलेत ते आता विचारू नका, त्या भावात तिथे वर्षभर मुक्काम झाला असता.

आता बाबांचा मुद्दा, निगेटिव्ह डिल्ट्झकडेच आहे तर उद्या अजून शंभर काढेल. काढेल की, कोण अडवणार! म्हणून तर एडिशन असते, म्हणजे समजा ५० च काढणार असं आधीच जाहीर करायचं आणि प्रत्येकावर पेन्सिलने १४/५० असा नंबर टाकून सही करायची. शेवटी तो त्या माणसाचा शब्दच, बाकी काही नाही. आणि यात मेख अशी की ५० हे बऱ्याचदा एका साइजचे असतात, मोठ्या साइजचे वेगळे ५०, शिवाय फोटोग्राफरने स्वतःसाठी ठेवलेले थोडे. म्हणून विकणाऱ्याला सगळ्या साइज मिळून एकूण किती ते विचारायचं, तो गडबडला तर सरळ बाहेर पडायचं. एडिशन संपत आली की भाव पण चढत जातो, नंबर ५ वाल्याला स्वस्त पडतं आणि ४५ वाल्याचा खिसा कापला जातो, फोटो तोच.

माणूस गेला की सह्या संपल्या. मग घरचे लोक शिक्का मारून प्रिंट काढतात, पण त्याला ती किंमत नाही. आपल्या पाचगणीला शिकलेला गायक फ्रेडी मर्क्युरी, त्याच्या क्वीन बँडच्या १९७४ च्या अल्बमचं ते अंधारातल्या चार चेहऱ्यांचं कव्हर मिक रॉक नावाच्या फोटोग्राफरने काढलं होतं, हा रॉक २०२१ ला वारला, आता त्याची सही असलेले जे बाजारात आहेत तेवढेच. माझा डोळा त्यावर आहे पण बजेट नाही, काळजी नसावी.

आणि इन्व्हेस्टमेंट वगैरे म्हणून मी घेतलेला नाही, ती विकणाऱ्यांची भाषा. आपण घ्यायला गेलो की विकणारे दहा जण असतात, आपण विकायला गेलो की कोणी फोन उचलत नाही.

आई म्हणाली तसा एक साताऱ्याच्या हॉलमध्ये लावायला आणीन, पण पश्चिमेच्या भिंतीला पावसाळ्यात ओल येते ना, तिथे कागद फुगून बुरशी धरेल, आणि समोरच्या भिंतीवर दुपारचं ऊन, त्याने रंग उडतो. तर बाबा, आधी त्या गच्चीचं वॉटरप्रूफिंग करून घ्या, पैसे मी पाठवतो, वाद नको.

तुमचा,
बंटी