छकुलीस, कागदावर सही करण्याआधी

ता. दारव्हा, जि. यवतमाळ
कार्तिक महिना

चि. छकुलीस अनेक उत्तम आशीर्वाद.

तुझ्या चार गाण्यांसाठी गाण्याच्या कंपनीनं दिलेला, तू पाठवलेला अकरा पानांचा करार मी दारव्ह्याहून छापून आणला. मोबाइलवर वाचून मला कागद कळत नाही, हातात पेन लागतो. परवा वेचणी तुझ्या आईवर सोपवून यवतमाळला वकीलसाहेबांकडे गेलो. अडीच तास बसलो, एकेक शब्द विचारला आणि वहीत उतरवून आणला. फोनवर सांगितलं असतं तर तू "हो बाबा, हो बाबा" म्हणून मोकळी झाली असतीस. म्हणून हे पत्र. सही अजून करू नको. कंपनी वाईट आहे असं मी म्हणत नाही, पण या कागदात असे शब्द आहेत जे त्यांच्या तोंडी एक आणि तुझ्या कानाला भलतेच वाटतात.

माझी कॅसेट तुला माहीत आहे. 1996 साली नागपूरला जाऊन सहा गाणी गायलो. शब्द माझे, चाल माझी. तीन हजार रुपये रोख मिळाले, पंचवीस कॅसेटी मिळाल्या आणि एका स्टॅम्प पेपरवर सही झाली. कागद इंग्रजीत होता. त्यात 'असाइन' असा शब्द होता. मी विचारलं, तर म्हणाले, गाणं आमच्याकडे देताय, एवढंच. मला वाटलं, आपण वावर ठेक्यानं देतो तसं असेल. दोन-चार वर्षांनी परत आपलंच. ते खरेदीखत होतं, हे मला खूप उशिरा कळलं. आज माझं ते विठ्ठलाचं गाणं नेटवर आहे, खाली कवीच्या जागी 'पारंपरिक' लिहिलेलं आहे. मी पन्नाशी ओलांडलेला जिवंत माणूस, आणि माझं गाणं पारंपरिक झालं. हे दुखणं मी तुला कधी नीट सांगितलं नाही. आज सांगतो, कारण तुझ्या कागदावर चौथ्या पानावर तोच शब्द आहे.

तर असाइनमेंट म्हणजे विक्री आणि लायसन्स म्हणजे ठेका. वकीलसाहेबांनी कॉपीराइट कायदा उघडून दाखवला, 1957 चा. त्यात लिहिलंय की विक्री लेखी पाहिजे, सहीची पाहिजे, आणि कोणतं गाणं, कोणते हक्क, किती मुदत, कोणता प्रदेश, मोबदला किती, हे त्यात आलं पाहिजे. मुदत लिहिली नसेल तर पाच वर्षं धरतात. प्रदेश लिहिला नसेल तर फक्त भारत. म्हणजे कागदात काही सुटलं तर कायदा गाणाऱ्याकडे झुकतो. म्हणूनच कंपन्या काही सोडत नाहीत. तुझ्या कागदात "कायमस्वरूपी" आहे आणि "अखिल विश्वात" आहे. विश्वात! चंद्रावर तुझं भुलाबाईचं गाणं वाजलं तरी त्यांचंच. हे दोन शब्द खोडून पाच किंवा सात वर्षांचं लायसन्स मागायचं, आणि मुदत संपली की हक्क आपोआप तुझ्याकडे परत येईल असं स्पष्ट लिहून घ्यायचं. ते विक्रीवरच अडले, तर एक वर्षात गाणं बाहेर आणलं नाही तर हक्क परत, हे वाक्य तरी घाल. कायद्यातही तसं कलम आहे, पण करारात वेगळं लिहिलं असलं की ते लागू होत नाही. आणि तुझ्या सातव्या पानावर नेमकं वेगळं लिहिलेलं आहे.

आता मालकी कशाची, ते बघ. मी वकीलसाहेबांना म्हटलं, एका गाण्याचे सातबारे किती? ते हसले नाहीत, म्हणाले, तीन. शब्दांचा एक, चालीचा एक आणि रेकॉर्डिंगचा एक. शब्द आणि चाल यांवरचा हक्क कवी आणि संगीतकार जिवंत असेपर्यंत आणि मेल्यानंतर 60 वर्षं चालतो. रेकॉर्डिंगचा हक्क प्रसिद्ध झाल्यापासून 60 वर्षं. शब्द आणि चालीच्या कामाला तिकडे 'पब्लिशिंग' म्हणतात, पुस्तक छापण्याशी त्याचा संबंध नाही. रेकॉर्डिंगच्या मालकीला 'मास्टर' म्हणतात. तू मला म्हणालीस, "बाबा, मास्टर कंपनी करून देणार आहे, तेवढा खर्च वाचला." पोरी, तू म्हणतेस ते मास्टरिंग. मिक्स, म्हणजे सगळे आवाज एकत्र जुळवून झाल्यावर गाण्यावर शेवटचा हात फिरवतात, आवाजाची पातळी बसवतात, ते काम. करारातला मास्टर म्हणजे त्या रेकॉर्डिंगचा सातबारा.

'प्रोड्यूसर'चंही तसंच. तुझा नागपूरचा मित्र, जो लॅपटॉपवर बीट बसवतो, वाद्यमेळ रचतो, त्याला तुम्ही पोरं प्रोड्यूसर म्हणता. कायद्यात प्रोड्यूसर म्हणजे रेकॉर्डिंग घडवून आणण्याचा पुढाकार आणि जबाबदारी घेणारा, आणि रेकॉर्डिंगचा पहिला हक्क त्याचा. करारात कंपनीनं स्वतःला प्रोड्यूसर लिहिलंय. पण दोन गाणी तर तुम्ही दोघांनी आधीच तुमच्या खर्चानं करून ठेवली आहेत ना? मग त्या दोन गाण्यांचे प्रोड्यूसर तुम्ही. हे वाक्य मी लाल पेनानं खूण करून पाठवतोय.

चारही गाण्यांना एकच कागद लावलाय, हीच मोठी चूक आहे. एकेक गाणं वेगळं आहे.

भुलाबाईचं गाणं कोणाचं? तुझ्या आजीनं म्हटलं, तिच्या आजीनं म्हटलं. भादव्याच्या पुनवेपासून कोजागिरीपर्यंत घरोघर फिरून पोरी ते म्हणायच्या आणि शेवटी डब्यातला खाऊ ओळखायच्या. ते सगळ्यांचं आहे, म्हणून कोणा एकाचं नाही. कंपनीनं त्या गाण्याच्या शब्दांचा हक्क तुझ्याकडून विकत घेतला असं लिहिलंय, ते चुकीचं आहे. जे तुझं नाही ते तू विकू शकत नाहीस आणि उद्या गावातल्या दुसऱ्या पोरीनं तेच गाणं म्हटलं तर तिला कोणी अडवायला नको. तू जोडलेली दोन नवी कडवी तुझी, तुमची वाद्यरचना तुमची, तुझं रेकॉर्डिंग तुमचं. एवढंच लिहायचं. आणि दुसऱ्या कोणाच्या भुलाबाईच्या रेकॉर्डिंगमधला तुकडा उचलून वापरू नको. गाणं सगळ्यांचं असलं तरी ते रेकॉर्डिंग त्यांचं असतं. त्याला सॅम्पल म्हणतात आणि त्याची परवानगी लागते.

तुकडोजी महाराजांचं भजन तू घेतलंस याचा मला फार आनंद झाला. खंजिरी ऐकून डोळे भरले. पण महाराज 1968 साली गेले. त्यांच्या शब्दांवरचा हक्क 2028 संपेपर्यंत चालू आहे. आपल्या भागात प्रत्येक भजनी मंडळ ती भजनं म्हणतं म्हणून ती मोकळी झाली असं होत नाही. हक्क ज्यांच्याकडे आहे त्यांना रीतसर पत्र लिहून परवानगी घ्यायची, चाल कोणाची आहे तेही बघायचं. तुकाराम महाराजांचा अभंग घेतलास तर शब्दांना परवानगी लागणार नाही, पण अलीकडच्या संगीतकाराची चाल घेतलीस तर चालीला लागेल.

राहिली तुझी स्वतःची दोन गाणी. शब्द तुझे, चाल तू आणि त्या मित्रानं मिळून केलेली. तुमचा वाटा कागदावर लिहिलाय का? याला 'स्प्लिट' म्हणतात. शब्द पूर्ण तुझे, चाल निम्मी-निम्मी, काय असेल ते ठरवून दोघांनी सही करा, आजच. गाणं चाललं की मैत्रीत बोलणं अवघड होतं. भावाभावांत वाटणी पीक उभं असताना करू नये म्हणतात, पेरणीआधी करावी.

या दोन गाण्यांच्या शब्द-चालीसाठी एक गोष्ट पक्की लक्षात ठेव. 2012 साली कायद्यात दुरुस्ती झाली. हक्क विकला तरी, गाणं पुढे जिथं जिथं वापरलं जाईल तिथली रॉयल्टी कवी-संगीतकार आणि हक्क घेणारा यांच्यात समसमान वाटली जाते, आणि आपला हा वाटा कवी-संगीतकाराला सोडून देता येत नाही. फक्त वारसांना किंवा कॉपीराइट सोसायटीला देता येतो. तुझ्या पाचव्या पानावर "एकरकमी मोबदल्यानंतर कोणतीही रॉयल्टी देय राहणार नाही" असं आहे, त्याला ते 'बायआउट' म्हणतात. शब्द-चालीपुरतं ते वाक्य कायद्यात टिकत नाही. तरी खोडून घे. टिकत नाही हे सिद्ध करायला कोर्टात जावं लागतं आणि आपल्याला वावरं आहेत. अशी रॉयल्टी गोळा करणारी मुंबईची इंडियन परफॉर्मिंग राइट सोसायटी आहे, 1969 पासूनची. कवयित्री आणि संगीतकार म्हणून तिथं नाव नोंदव. गायक-गायिकांची वेगळी संस्था आहे, 2013 ची. गाणाऱ्याचा आपल्या गाण्यावरचा हक्क 50 वर्षं असतो, तो शब्द-चालीच्या हक्कापेक्षा वेगळा.

पैशाचं सांगतो. 40,000 रुपये मिळणार म्हणून तू खूश आहेस. ती 'अॅडव्हान्स' आहे, म्हणजे उचल. अडत्याकडून हंगामाआधी उचल घेतली की काय होतं, तू लहानपणापासून पाहिलंस. त्यांच्या भाषेत वसुलीला 'रिकूप' म्हणतात. त्यात स्टुडिओ आणि व्हिडिओचा 60,000 खर्चही तुझ्या नावावर मांडलाय. झाले एक लाख. आता नीट बघ, ही वसुली गाण्याच्या सगळ्या कमाईतून होणार नाही, तुझ्या 15 टक्क्यांतून होणार. गाण्यानं लाख रुपये कमावले तर तुझे 15,000 फिटले, 85,000 कंपनीच्या खिशात. तुझा लाख फिटायला गाण्यानं 6,66,667 रुपये कमवावे लागतात. तोवर कंपनीकडे साडेपाच लाखांच्या वर गेलेले असतील आणि तुझ्या खात्यावर अजून शून्य. हे गणित मी तीनदा केलं. आणि ते 15 टक्के 'नेट'वर आहेत. नेट म्हणजे मार्केटात पट्टीवर हमाली, तोलाई, सगळं कापून खाली उरतं ते. काय काय कापणार त्याची यादी मागून घे. व्हिडिओचा खर्च तरी वसुलीतून काढायला सांग, आणि वर्षातून दोनदा हिशोब द्यावा, तो तपासायचा हक्क तुला असावा, असं लिहून घे.

आता आवाजाचं. स्टुडिओचं मला फार कळत नाही, पण वीस वर्षं लग्नाला साऊंड लावतोय, कानाला कळतं. खोलीत गोधड्या टांगून तू जे रेकॉर्ड केलंस, त्यात तिसऱ्या कडव्यात आवाज फाटतो. त्याला क्लिपिंग म्हणतात. आपल्या ॲम्प्लिफायरला थोडं जास्त दिलं तर तो गुरगुरतो तरी. कॉम्प्युटरमध्ये शून्य डेसिबलच्या वर जागाच नाही, तिथं कापलं गेलेलं नंतर कोणी मिक्समध्ये जोडू शकत नाही. गेन, म्हणजे माइकचा आवाज आत घेण्याचा जोर, कमी कर, सगळ्यात वरचा सूर उणे सहा डेसिबलच्या खाली राहू दे. 24 बिटमध्ये घेतलंस तर हळू आवाजानं काही बिघडत नाही.

दुसरं, भुलाबाई क्लिकवर, म्हणजे कानात टिकटिक ठेका लावून गायली आहेस ना? कळतं. गाणं सरळ झालंय, पण पोरींच्या टाळ्यांची लय शेवटाकडे जरा पुढं धावते, ती मेली. आधी टाळ्यांसकट मोकळं गा, त्याचा स्क्रॅच ट्रॅक, म्हणजे कच्चं रेकॉर्डिंग, ठेव आणि त्या टाळ्यांवर क्लिक बसवून द्यायला सांग. पिच करेक्शनही, म्हणजे कॉम्प्युटरनं सूर सरळ करणंही, त्या गाण्याला लावू देऊ नको. काळी चारमध्ये तुझा गंधार किंचित उतरता लागतो, तसाच आजीचा लागायचा.

मूळ फायली कंपनीला देण्याआधी स्वतःकडे ठेव. प्रत्येक वाद्य वेगळं असतं तो मल्टिट्रॅक, गट करून दिलेले स्टेम, आणि काहीच परिणाम न लावलेला तुझा कोरडा आवाज, तिन्ही. सगळं डब्ल्यूएव्हीमध्ये, म्हणजे आवाज न दाबता ठेवणाऱ्या फायलीत, एमपीथ्रीमध्ये नाही. दोन ठिकाणी.

शेवटचं नावांचं. गाणं नेटवर चढवताना सोबत जी माहिती भरतात तिला मेटाडेटा म्हणतात. कवी कोण, संगीतकार कोण, गायिका, वादक, आणि त्या रेकॉर्डिंगचा बारा अक्षर-आकड्यांचा आयएसआरसी हा ओळख क्रमांक. ते फॉर्म भरताना समोर बस, कंटाळू नको. माझ्या गाण्याचं जे झालं ते कोणीतरी अशाच एका चौकोनात 'पारंपरिक' टाकल्यानं झालं. कायद्यात परफॉर्मर म्हणजे वादकही येतो आणि त्यालाही नावाचा हक्क आहे. तुझ्या कागदात ढोलकीवाल्या काकांचं नाव कुठंच नाही. त्यांनी भर पावसात दिग्रसहून येऊन दोन दिवस वाजवलं, आणि कागदात "इतर वाद्यं" म्हटलंय.

काकांना काल भेटलो. त्यांच्या आधार कार्डावर नाव कसं लिहिलंय ते उतरवून आणलं, वेगळ्या चिठ्ठीवर सोबत जोडलंय, स्पेलिंग तेच टाक. आईनं भुलाबाईच्या गाण्यांची वहीही कुरिअरला दिली आहे, तुझ्या गाण्यात एक कडवं सुटलंय असं ती म्हणते.

तुझे,
बाबा