किक थांबते तेव्हा

फैजपूर, जि. जळगाव

प्रिय योग्या,

काय भो, बरा आहेस ना? परवा फोनवर म्हणालास, "तुझं ते ट्रान्स म्हणजे नुसती धडधड." तेवढ्यात रेंज गेली आणि माझं उत्तर राहिलं.

ट्रान्स म्हणजे नाचायचं इलेक्ट्रॉनिक संगीत, आणि अपलिफ्टिंग हा त्यातला मन उचलून धरणारा प्रकार. त्यात मिनिटाला १३८-१४० ठोके असतात, कबूल. पण अपलिफ्टिंग ट्रान्सचा जीव ठोके थांबतात तिथे असतो. त्याला ब्रेकडाउन म्हणतात. किक, म्हणजे ढोलाचा तो मुख्य ठोका, बंद; बेस, म्हणजे खालचा जाड सूर, बंद. मागे पियानो, नाहीतर नुसते स्ट्रिंग्ज. मग एक साधी चाल येते, बहुतेकदा बिनशब्दांची. तीच चाल दुसऱ्या फेरीला भरते, तिसरीला आणखी. स्नेअर, म्हणजे ताशासारखा कडक ठोका, दाट होत जातो, आता येईल, आता येईल असं वाटतं, तरी प्रोड्यूसर, म्हणजे ट्रॅक बनवणारा, सोडत नाही. आणि मग किक परत येते तेव्हा अंगावर सर्रकन काटा येतो. इतका वेळ माणसाला ताटकळत ठेवायला केवढी हिंमत लागत असेल!

त्या चालीचा तो रुंद, चमकता आवाज म्हणजे सुपरसॉ. १९९६च्या रोलंड जेपी-८००० या सिंथमधून, म्हणजे विजेवर सूर तयार करणाऱ्या कीबोर्डमधून, तो आला. एकच सूर सात लहरींत वाजतो, प्रत्येक लहर किंचित वरखाली. आपल्याकडे काकड्याला सगळे गळे तंतोतंत जुळत नाहीत, म्हणूनच देऊळ भरून जातं ना, तसंच हे. फेरी कॉर्स्टेनने सिस्टिम एफ नावाने १९९९ साली काढलेलं 'आउट ऑफ द ब्लू' ऐक, म्हणजे कळेल.

माझे सगळ्यात लाडके मात्र कैरोचे अली अँड फिला, म्हणजे अली आणि फादी ही जोडी. ट्रान्स म्हटलं की सगळे हॉलंडकडे बघायचे, तेव्हा या दोघांनी इजिप्तमधून आपला सूर जगभर नेला. अलीच्या कानाला इजा झाली, तेव्हापासून दौऱ्यावर फादी एकटा जातो आणि अली स्टुडिओ सांभाळतो. मला हे फार मोठं वाटतं. स्लोव्हेनियाचा अँडी ब्लूमनही ऐक. त्याच्या ब्रेकडाउनमध्ये अख्खा ऑर्केस्ट्रा उभा राहतो.

शेतीची लाइट रात्रीची असली की मी मोटर चालू करतो, केळीच्या ठिबकचे व्हॉल्व्ह फिरवतो आणि हेडफोन लावून बांधावर बसतो. सकाळी अंग दुखतं, पण मन ताजं असतं.

तीन ट्रॅक व्हॉट्सॲपवर पाठवलेत. मोबाइलच्या स्पीकरवर लावू नकोस, त्यात बेस मरतो. आवाज बेताचा ठेव. आणि मधला शांत भाग आला की पुढे ढकलू नकोस. भरताच्या वांग्यांच्या दिवसांत ये, सोबत ऐकू. काकूंना नमस्कार सांग.

तुझाच,
भूषण