नकाशात उरलेली जमीन

मा. संपादक,
स. न. वि. वि.

गेल्या आठवड्यात आपल्या विद्यार्थी पुरवणीत अमेरिकेच्या दक्षिणेकडील लुईझियाना राज्याची ओळख वाचली. मुलांसाठी आपण असा मजकूर देता याचा आनंद आहे. मी एकतीस वर्षे शाळेत भूगोल शिकवला आणि मागच्या वर्षी सहा महिने मुलीकडे, त्या राज्याच्या राजधानीत, बॅटन रूजला राहून आले. म्हणून दोन चुका निदर्शनास आणून द्याव्याशा वाटतात.

पहिली सनावळीची. ‘1803 मध्ये अमेरिकेने फ्रान्सकडून लुईझियाना राज्य विकत घेतले’ असे छापले आहे. दीड कोटी डॉलर मोजून घेतला तो मिसिसिपी नदीच्या पश्चिमेचा अवाढव्य मुलूख. आजची पंधरा राज्ये पूर्ण किंवा थोडीफार त्यात येतात. आजच्या लुईझियानाचा बहुतेक भाग हा त्यातला दक्षिणेकडचा एक तुकडा, आणि राज्य म्हणून लुईझियाना संघात आले 30 एप्रिल 1812 रोजी, अठरावे. बॅटन रूजच्या विधानभवनासमोरच्या ग्रॅनाइटच्या पायऱ्यांवर राज्यांची नावे संघात आल्याच्या क्रमाने कोरलेली आहेत. खालून एकेक पायरी मोजत मी चढले आणि अठराव्या पायरीवर लुईझियानाचे नाव सापडले. तिथल्या जिल्ह्यांना आपण ‘काउंटी’ म्हटले आहे, तेही दुरुस्त करावे. बाकी राज्यांत बहुतेक ठिकाणी काउंटी असते, इथे ‘पॅरिश’, अशा 64. फ्रेंच आणि स्पॅनिश अमलातल्या चर्चच्या हद्दींवरून हा शब्द राहिला.

दुसरी चूक नकाशाची आहे आणि ती मला जास्त लागली. लुईझियानाचा आकार बुटासारखा, हे मीही वर्षानुवर्षे फळ्यावर काढून दाखवले. आपणही तोच ठसठशीत बूट छापला आहे, खाली सलग किनाऱ्याची रेघ. ती रेघ आता खरी नाही.

हे राज्य अत्यंत सखल. सर्वांत उंच टेकडी, ड्रिस्किल माउंटन, 163 मीटर, म्हणजे आपल्या कळसूबाईचा जेमतेम दहावा भाग. न्यू ऑर्लिन्स शहराचे कित्येक भाग समुद्रसपाटीच्याही खाली आहेत. 29 ऑगस्ट 2005 रोजी कटरीना वादळात तिथले बांध फुटले आणि ऐंशी टक्के शहर बुडाले, ते यामुळेच. राज्याच्या सुमारे 1,35,000 चौरस किलोमीटर क्षेत्रापैकी सहावा हिस्सा पाणीच आहे. दक्षिणेची जमीन मिसिसिपीने हजारो वर्षे मुख बदलत, गाळ टाकत घडवली. 1927 च्या महापुरानंतर नदी दोन्ही काठांनी पक्क्या बांधांत जखडली गेली. माणसे पुरापासून वाचली, पण पुराबरोबर दलदलीत पसरणारा गाळ बंद झाला. वरच्या धरणांनी अडवून उरलेला बराचसा गाळ मुखातून थेट खोल समुद्रात जातो. पोसणारा गाळ नाही, म्हणून जमीन खचते आणि समुद्र वर येतो. त्यातच तेलविहिरींसाठी दलदलीतून चर खणले, त्यांतून खारे पाणी आत शिरले. गोड्या पाण्यावरचे गवत मेले की मुळांनी धरलेली माती वाहून जाते. 1932 ते 2016 या काळात किनाऱ्याची सुमारे 4,800 चौरस किलोमीटर जमीन गेली. आमच्या सातारा जिल्ह्याच्या जवळजवळ निम्मी!

मुलगी-जावयाबरोबर मी ग्रँड आइल या बेटावर गेले होते. जावयाकडचा रस्त्यांचा जुना नकाशा मांडीवर उलगडला होता. त्यात रस्त्याच्या दोन्ही बाजूंना जमीन रंगवलेली. खिडकीतून मात्र दिसत होते पाणी, मधे मधे गवताचे पुंजके, आणि साल गळून पांढरी पडलेली, वठलेली ओकची झाडे, पाण्यात तशीच उभी. मी कृष्णाकाठची. नदीने गाळ आणून टाकला की काठची मळीची जमीन कशी पिकते हे लहानपणापासून पाहिलेले. गाळ बंद झाला की काय होते, ते तिथे पाहिले. त्या दिवशी माझ्याच्याने फार बोलवले नाही.

जवळच आइल द जाँ शार्ल नावाचे बेट आहे. पिढ्यान्‌पिढ्या तिथे मूळ अमेरिकन कुटुंबे राहत होती, म्हातारी माणसे फ्रेंच बोलणारी. 1955 पासून त्या बेटाची 98 टक्के जमीन गेली. 2016 मध्ये केंद्र सरकारने पुनर्वसनासाठी चार कोटी 80 लाख डॉलर मंजूर केले आणि 2022 मध्ये लोक उत्तरेकडच्या नव्या वस्तीत जाऊ लागले. तरीही नदीची घडवण्याची ताकद संपलेली नाही. पश्चिमेला अॅचाफलाया नदीतून 1941 मध्ये एक कालवा काढला होता, पुराचे पाणी समुद्रात सोडायला. त्याच्या मुखाशी, वॅक्स लेकला, 1973 च्या पुरानंतर नवी जमीन वर आली आणि आजही वाढते आहे. कोणी भराव घातलेला नाही, निव्वळ गाळाने केलेले काम आहे ते.

माझी विनंती एवढीच, की पुढच्या अंकात लुईझियानाच्या किनाऱ्याचे उपग्रहातून घेतलेले छायाचित्र त्या बुटाशेजारी छापावे आणि मुलांना दोन्ही आकृत्या एकावर एक ठेवून गिरवायला सांगावे.

आपली नम्र,
एक निवृत्त भूगोल शिक्षिका, कराड