राखाडी कडं घालवल्याबद्दल मनापासून आभार

सप्रेम नमस्कार,

पारदर्शक पीएनजी (चित्राची फाइल; माझ्याकडे एक लोगो होता) दुसऱ्या चित्रावर बसवताना तिच्या कडेला येणारी मळकट किनार कुठून येते, हे तुम्ही मला समजावून सांगितलंत. त्याबद्दल हे जाहीर आभार. नुसता कोड पाठवला असतात तरी माझं काम भागलं असतं. तुम्ही मात्र एकेक पिक्सेल घेऊन बसलात.

सुरुवातीचा भाग तसा सोपा. ओपनसीव्ही या चित्रांवर काम करणाऱ्या लायब्ररीतलं इमरीड हे चित्र वाचणारं फंक्शन एरवी रंगांचे तीनच चॅनेल (थर) देतं. 'अनचेंज्ड' सांगितलं तरच चौथा, म्हणजे पिक्सेल किती अपारदर्शक हे सांगणारा अल्फा, हाती लागतो. त्याला 255 ने भागून 0 ते 1 मध्ये आणायचं, वरच्या चित्राचा रंग अल्फाने गुणायचा, खालच्याचा एक वजा अल्फाने, आणि दोन्हींची बेरीज. दोन चित्रं मिसळणारं ओपनसीव्हीचं ॲडवेटेड फंक्शन इथे उपयोगाचं नाही, ते सगळ्या चित्राला एकच वजन लावतं. एवढं सगळं नीट करूनही लोगो लहान केला की त्याच्या पांढऱ्या कडेभोवती राखाडी कडं उमटायचंच.

तेव्हा तुम्ही दोन शेजारी पिक्सेल मांडलेत. एक पांढरा (तिन्ही रंग 255), पूर्ण अपारदर्शक. दुसरा पूर्ण पारदर्शक, म्हणून दिसत नाही. पण त्याच्या रंगाच्या तिन्ही चॅनेलमध्ये शून्य, म्हणजे काळा भरलेला. आकार बदलताना दोघांची सरासरी निघते: रंग साधारण 127, अल्फा अर्धा. पांढऱ्या पार्श्वभूमीवर ठेवला की 255 ऐवजी 191 येतात. कधीच दिसायला नको असा काळा पांढऱ्यात मिसळलेला असतो! मग तोच हिशेब, रंग आधी अल्फाने गुणून घेऊन, माझ्याकडून करवून घेतलात. सरासरी तीच, 127 आणि थोडं; पण आता तिला पुन्हा अल्फाने गुणायचं नाही, फक्त पार्श्वभूमीचा अर्धा वाटा मिळवायचा. उत्तर बरोबर 255. पोर्टर आणि डफ या संगणक-चित्रांवर काम करणाऱ्या संशोधकांनी 1984 मध्येच ही मांडणी करून ठेवली आहे, हेही तुमच्याकडूनच कळलं.

जाता जाता तुम्ही आणखी एक गोष्ट सांगितलीत: लोगो फ्रेमच्या (खालच्या चित्राच्या) डावीकडे बाहेर गेला तर त्याच्या जागेचा क्रमांक, म्हणजे इंडेक्स, ऋण होतो आणि नमपाय (आकड्यांचे तक्ते हाताळणारी पायथनची लायब्ररी) ऋण इंडेक्स शेवटापासून मोजतं, म्हणून फ्रेम आणि लोगो दोन्ही आधी एकमेकांवर येणाऱ्या भागापुरते कापून घ्यावेत. कॅमेऱ्याच्या चालत्या चित्रावर काम करताना ही सूचना फार कामी येते.

तुमचे ते दोन पिक्सेल आता माझ्या कोडच्या चाचण्यांमध्ये आहेत. उत्तर 255 आलं नाही, तर चाचणी नापास.

आपली आभारी,
एक प्रोग्रामर