मंत्रिमहोदय, ब्रह्मदेशाच्या त्या एका ओळीमागे किती माणसं उरली आहेत?

मा. केंद्रीय निवृत्तिवेतन मंत्री यांस,
सविनय नमस्कार.

केंद्राच्या निवृत्तिवेतनधारकांसाठी महागाई मदतीचे आदेश वर्षातून दोनदा निघतात. आमची आत्या ते न चुकता मागवून घेते. टक्केवारी किती वाढली हे ती बघतसुद्धा नाही. आदेश कोणाकोणाला लागू, त्या यादीत एक ओळ असते: ब्रह्मदेशाचे नागरी निवृत्तिवेतनधारक, आणि ब्रह्मदेश-पाकिस्तानातून विस्थापित झालेले सरकारी निवृत्तिवेतनधारक व त्यांची कुटुंबं. त्या ओळीवर बोट ठेवून ती म्हणते, "बघ, अजून आहोत आपण."

खरं तर त्या ओळीतून तिला आजवर एक पैसा मिळालेला नाही.

आजोबा रंगूनला सार्वजनिक बांधकाम खात्यात कारकून होते. मंडाले म्हटलं की आपल्याला टिळक आठवतात. पण तिथली रेल्वे, टपाल, दवाखाने ज्यांच्या जिवावर चालत, त्यांत हिंदी नोकरदार मोठ्या संख्येने होते. २३ डिसेंबर १९४१ ला रंगूनवर बॉम्ब पडले, ८ मार्च १९४२ ला शहर जपान्यांच्या ताब्यात गेलं. जवळपास पाच लाख लोक हिंदुस्थानकडे निघाले, बहुतेक पायीच. हजारो वाटेतच कॉलऱ्याने, हिवतापाने, उपासमारीने गेले. आजी-आजोबा ब्रह्मदेशाच्या सीमेवरच्या तामू गावावरून डोंगर चढून इंफाळला उतरले, तेव्हा आत्या जेमतेम वर्षाची होती. पत्र्याची ट्रंक त्यांनी दुसऱ्या की तिसऱ्या दिवशीच टाकून दिली. आजी सांगायची, एका खांद्यावर पोर, दुसऱ्यावर तांदूळ. कागद कुठे घ्यायचे? आजोबांच्या नोकरीचे सगळे कागद त्या ट्रंकेत होते.

१९३७ मध्ये ब्रह्मदेश हिंदुस्थानपासून वेगळा झाला होता, त्यामुळे आजोबा ज्या सरकारचे नोकर, ते सरकार आता सिमल्यात निर्वासित होऊन बसलं होतं. आजोबा सिमल्याला अर्जांवर अर्ज करत राहिले. व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळात परदेशस्थ हिंदी लोकांचं खातं तेव्हा यवतमाळच्या लोकनायक बापूजी अण्यांकडे होतं, याचा त्यांना मोठा धीर वाटे. फेब्रुवारी १९४३ मध्ये गांधीजींच्या उपवासाच्या वेळी अण्यांनी राजीनामा दिला, तो दिवस आजोबा कधी विसरले नाहीत. युद्ध संपेपर्यंत थोडाफार निर्वाहभत्ता मिळाला. पेन्शन मात्र मिळाली नाही, कारण नोकरी सिद्ध करता आली नाही.

आत्याने लग्न केलं नाही. ती आता ८४ वर्षांची आहे. मागच्या वर्षी तिला घेऊन एका सरकारी कार्यालयात गेलो होतो. टेबलावरचा मुलगा सौजन्याने बोलला, पण म्हणाला, "आजी, वडिलांच्या सेवापुस्तकाची प्रत आणा." आत्या म्हणाली, "ती तामूच्या जंगलात आहे, बाळा."

मंत्रिमहोदय, नोकरीची नोंद ठेवणं नोकराचं काम कधीच नव्हतं. ते सरकारचं काम होतं. पगार कोणी दिला, बदली कोणी केली, सिमल्यात अर्ज कोणी घेतले? मग पुरावा आमच्याकडे का मागायचा? अर्ज फेटाळण्याआधी सरकारने स्वतःचं दप्तर शोधावं, असा लेखी आदेश आपण काढा. ब्रह्मदेशातून आलेल्या कर्मचाऱ्यांच्या ज्या फायली सरकारजवळ आहेत, त्या राष्ट्रीय अभिलेखागारात द्या आणि त्यांची नावानिशी सूची सर्वांना बघता येईल अशी करा. अविवाहित मुलींना कुटुंब निवृत्तिवेतन देण्याची तरतूद या कुटुंबांनाही लागू आहे, हे स्पष्ट शब्दांत लिहा. आणि त्या ओळीखाली आज प्रत्यक्षात किती जणांना पैसे मिळतात, तो आकडा एकदा तरी जाहीर करा. त्या वाटेने आलेल्या मुलींतली सगळ्यांत धाकटीसुद्धा आज ऐंशीच्या घरात आहे. फार थांबायला त्यांच्याकडे वेळ नाही.

आत्याला आता बारीक अक्षर दिसत नाही. पुढचा आदेश मीच तिला वाचून दाखवीन. त्याआधी आपलं उत्तर आलं, तर आधी ते वाचीन.

आपला नम्र,
रंगूनच्या एका कारकुनाचा नातू