गेमिंग लॅपटॉपची सफाई आणि वॉरंटी

महोदय,

गेल्या मे महिन्यात माझ्या मुलाचा गेमिंग लॅपटॉप खेळ सुरू होताच अडखळू लागला, कारण प्रोसेसरचे तापमान ९७ अंश सेल्सिअसवर जात होते. दुरुस्तीच्या दुकानात थेट मदरबोर्ड बदलण्याचा सल्ला मिळाला. प्रत्यक्षात मागचे झाकण उघडल्यावर पंखा आणि तांब्याच्या बारीक पट्ट्यांची जाळी यांच्यामध्ये धुळीचा घट्ट थर सापडला, आणि मऊ ब्रशने तो काढताच तापमान १२ अंशांनी उतरले. (सफाई करताना पंखा बोटाने धरून ठेवावा.)

बहुतेक प्रोसेसर ९५ ते १०० अंशांच्या आसपास स्वतःच वेग कमी करतात, तो बिघाड नव्हे. खोली दहा अंशांनी तापली की प्रोसेसरही जवळपास तेवढाच तापतो, म्हणून अकोल्याच्या उन्हाळ्यात लॅपटॉप गादीवर ठेवून त्याची हवा कोंडणे फार महागात पडते. विंडोजमध्ये प्रोसेसरची कमाल मर्यादा ९९ टक्के ठेवल्यास सहसा टर्बो बूस्ट (गरजेनुसार प्रोसेसरचा वेग आपोआप वाढवणारी सोय) बंद होतो आणि थोडा वेग गमावून बरीच उष्णता वाचते.

सफाईसाठी झाकण उघडल्यास वॉरंटी टिकते की नाही, हे विक्रेत्यांनी बिलासोबतच लेखी द्यावे, ही कळकळीची विनंती.

– एक पालक, अकोला